तिसऱ्या क्वार्टरचं कारण

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या हौशी ऑस्ट्रेलियन फुटबॉल टीमचे सगळे आकडे सुमंत सांभाळायचा. सीझनमधल्या बारापैकी अकरा मॅच टीम हरली होती, आणि दर वेळी मध्यंतरापर्यंत पुढे असूनही त्यानंतरच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये ढेपाळली होती. "आकड्यांना तोंडदेखलं बोलता येत नाही," असं सगळ्यांना ऐकवत त्याने खेळाडूंचं धावणं, झोप, वजन, बूटसुद्धा तपासून पाहिले. कशातच काही सापडेना.

शेवटी त्याने जिंकलेली एकुलती एक मॅच काढली. त्या शनिवारी त्याची बायको ऋता महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेली होती. बाकीच्या अकराही मॅचना तिने मध्यंतरात साऱ्या टीमला आग्रह करकरून श्रीखंड-पुरी वाढली होती.

सीझन संपल्यावरच्या मीटिंगमध्ये कॅप्टनने पराभवाचं कारण विचारलं. पहिल्याच रांगेत ऋता मांडीवर डबा घेऊन कौतुकाने नवऱ्याकडे बघत होती. सुमंतने घसा खाकरला आणि शेवटची स्लाइड लावली. तिच्यावर एकच शब्द होता: वारा.

ऋता हळहळली. "एवढ्या वाऱ्यात धावतात बिचारे. पुढच्या सीझनला बासुंदीपण आणते."