भारद्वाजाची हाक

"ओजस, असशील तिथून स्टेजपाशी ये," पक्षी महोत्सवाचे निवेदक पुन्हा पुकारू लागले, तशी त्याच्या आईने माईकच हिसकावला. "अहो, नावाने हाक मारली तर तो ओ देत नाही!"

भारद्वाजाच्या हाकेला मात्र हमखास देतो. तिने घसा ताणून आवाज काढला, "कूप, कूप, कूप!"

पक्ष्यांच्या आवाजांची स्पर्धा सुरू झाली असं वाटून चहूकडून माणसं कूप-कूप करू लागली. या गलक्यात तिला लेकाचं उत्तर कसं ऐकू येणार?

"पाया पडते, गप्प बसा!" सगळे चिडीचूप झाले. तिने पुन्हा साद घातली.

उत्तर आलं ते खऱ्या भारद्वाजाचं, तळ्याच्या पलीकडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती जिवाच्या आकांताने तळ्याकडे धावली. ती हाक कानी पडली, की ओजस नाकासमोर चालत सुटे. मधलं पाणी त्याला दिसणार नव्हतं.