गुलाबरावांचा दगड

तिसरा दगड घोडीच्या पुठ्ठ्यावर बसला आणि दीक्षाने गुलाबरावांचं मनगट धरलं.

"शरम वाटत नाही काका?"

रांझी वस्तीच्या मागच्या माळावर त्या रविवारी सकाळी साठेक माणसं जमली होती. 'जंगली घोडे बचाओ' लिहिलेलं कापड बाभळीला बांधलं होतं. गाजरं घोड्यांसाठी होती, समोसे माणसांसाठी. तांग्यांना सवारी मिळेनाशी झाली तेव्हा मालकांनी इथे हाकलून दिलेल्या जनावरांची ही पोरंनातवंडं, एकूण अकरा. यांच्या तोंडात लगाम कधी गेला नव्हता. ती इथेच मोकळी राहावीत, कोणी त्यांना धरून नेऊ नये, म्हणून बँकेतली नोकरी सांभाळून दीक्षा आठ महिने धडपडत होती. लोकांना आणायची, व्हिडिओ टाकायची, सह्या घ्यायची. सुरुवातीला घोडे माणूस दिसला की उधळायचे. आता भुरी घोडी तिच्या तळहातावरून गूळ खायची. तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता.

आणि फॅक्टरीतून रिटायर झालेला हा म्हातारा त्या भुरीलाच दगड मारत होता.

"विहारात सकाळी तुम्हीच पंचशील म्हणता. प्राणिहिंसा करणार नाही, हे पहिलं. तुमच्याच तोंडून ऐकते ना मी?"

"म्हणून तर हळू मारून राहिलो."

"जोक नाही, काका!"

"मंग तू गूळ काहून चारते?"

"प्रेमाने चारते."

"प्रेमच पाहून राहिलो आठ महिन्यांपासून." गुलाबरावांनी हात सोडवून घेतला. "जनावराले माणसाचं भेव आहे, तवर ते मोकळं आहे बाई. मागल्या साली दोन शिंगरं गेली. वीटभट्टीवर. पाठीवर इटा वाहून वाहून एक तर महिन्याभरात मेलं."

मोबाइल धरून उभा असलेला दीक्षाचा भाऊ अश्वजीत पुढे आला. "दीदी, पूछो इनसे. कोण घेऊन गेलं, कुठे घेऊन गेलं, इनको कैसे मालूम?"

"शोधत गेलतो."

"एकटेच?"

"नाही तर काय वरात घेऊन जाऊ?"

कोणी हसलं नाही. बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्याच नसलेल्या शिंगरांसाठी एक म्हातारा भट्ट्या धुंडाळत फिरतो? माळावर प्लॉट पडणार, असं वर्षभर कानावर येत होतं. घोडे गेले की काम सोपं. दगड मारणारा माणूस कोणाला तरी हवाच असणार.

"खरं सांगा काका," दीक्षा हळू आवाजात म्हणाली, "कोणी पाठवलं तुम्हाला? प्लॉटवाल्यांनी?"

या पोरीच्या बापाबरोबर गुलाबरावांनी फॅक्टरीतल्या एकाच शॉपमध्ये बावीस वर्षं काढली होती.

"तुझा बाप असता ना," एवढंच ते म्हणाले आणि चौथा दगड उचलायला वाकले.

अश्वजीतने त्यांचा हात पाठीमागे पिरगळला. दोन पोरं धावली. म्हाताऱ्याला मोटारसायकलवर मधोमध बसवलं आणि चौकीवर नेलं. गर्दीतल्या सगळ्यांनी ते मोबाइलमध्ये घेतलं. गुलाबरावांची एक चप्पल माळावर राहिली होती. ती कोणी उचलली नाही.

"जाऊ द्या दीदी. ऐसे लोग हर जगह होते हैं."

कडेला उभ्या असलेल्या पांढऱ्या पिकअपमधून एक माणूस उतरून आला होता. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. नाव सांगितलं शैलेंद्र, गाव शहपुऱ्याकडचं. दीक्षाचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते. त्याने सहीचा कागद मागून घेतला आणि ठसठशीत सही केली. दीक्षाला बरं वाटलं. निदान असेही लोक होते.

त्याने स्वतःचा गूळ आणला होता. जिभेने टक् टक् आवाज केला. भुरी लांबून बघत होती. मग एकेक पाऊल टाकत आली आणि त्याच्या हातावरून खाऊ लागली. त्याने तिची मान थोपटली. तोच हात पाठीवरून पायावर गेला. त्याने पाय उचलून खूर पाहिला, बोटाने ठोकून पाहिला. मग तोंडाच्या कोपऱ्यात अंगठा घालून जबडा उघडला आणि दात बघितले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आप डॉक्टर हैं?" दीक्षाने कौतुकाने विचारलं.

"नहीं दीदी." त्याने अंगठा पँटला पुसला. "लेकिन मेहनत आपने बहुत की है. पिछले साल तो इसने हमें सौ कदम पास नहीं आने दिया था."

तो वळला आणि पिकअपकडे चालू लागला. भुरी त्याच्या मागोमाग निघाली, आणि तिच्या मागे बाकीचे दहा. त्याच्या हातात दोर नव्हता.