द्वारकाबाईंचं झाडूवालं यकृत

क्षयाची शेवटची गोळी घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका कासारणीने आपल्या यकृताला फोन लावला.

"क्षय गेला बाबा एकदाचा. आता एचआयव्हीची संध्याकाळची गोळी बंद. पूर्वीसारखी सकाळची एकच घेईन."

"जमायचं नाही, बाई," यकृत म्हणालं. "त्या क्षयाच्या औषधाने मला झाडायचं वेड लावलंय. येईल ते लोटून देतो, त्यात तुझी ही गोळीही जाते. म्हणून तर दोनदा घ्यायची. वेड उतरायला अजून दोन आठवडे लागतील."

"पाहुणा गेला तरी तू अंगण झाडतच बसणार?"

"हात थांबत नाही गं."

द्वारकेने फोन ठेवला. उद्यापासून चार दिवस लग्नघरी हिरवे चुडे भरायचे, वीस बायकांत राहायचं. गोळी दिसली की कसली म्हणून विचारणार, आणि एकदा कळलं की तिच्यापुढे हात कोण करणार?

लग्नघरी दिवेलागणीला ती तांब्या घेऊन कोपऱ्यात बसली. पाहते तर घरभर बायका फोन कानाला लावून भांडत होत्या. नवरीची आत्या गुडघ्याला दटावत होती, मामी स्वादुपिंडाकडे अर्ध्या लाडवासाठी पदर पसरत होती. द्वारकेकडे बघायला सवड कुणाला?

तिने गोळी गिळली आणि फोन लावला. "घेतली रे."

"गुणाची माझी बाई," यकृत म्हणालं. "आता लाडू खा. तेवढा मी आवरतो."