वॉशर-ड्रायर घरातच

अपर्णाने वॉशरच्या तोंडात डोकं घातलं आणि वास घेतला. कसलाच वास नव्हता. तिने पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"अगं, वास कसला घेतेस?" सुनेत्राकाकू हसल्या. सुनेत्रा चिंचोलीकर या घराच्या मालकीण. त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होत्या. "लोक किचन बघतात, बाथरूम बघतात. मशीन हुंगणारी तू पहिलीच!"

"हिच्यासाठी, काकू." अपर्णाने इलाची बाही वर सारली. चार वर्षांच्या पोरीचं कोपर खाजवून खाजवून सोलवटलं होतं. अपर्णाच्या आताच्या बिल्डिंगमध्ये तळघरात कपडे धुवायची सगळ्यांची मिळून चार मशिनं. आधीचा माणूस कुठला सुगंधी साबण घालून गेलाय, कोण जाणे. त्यातून निघालेला फ्रॉक अंगात गेला की इला रात्रभर कळवळायची. डॉक्टर म्हणाले, घरातच मशीन असलेलं घर बघा. सांगायला त्यांचं काय जातं! नवऱ्याला, ऋषीला, शनिवारीही कामावर मॅनहॅटनला जावं लागे. घरं बघायचं काम अपर्णाच्या गळ्यात पडलं होतं. हे नववं घर. तिचे पाय दुखत होते आणि त्याहून जास्त तोंड, नऊ ठिकाणी गोड बोलून.

इला मशीनच्या कपाटात शिरून बसली होती. "मम्मा, इज धिस अवर्स?"

"ऑलमोस्ट, बेटा," काकूंनीच उत्तर दिलं. मग अपर्णाकडे वळून म्हणाल्या, "मराठी मुलगी मिळाली, फार बरं झालं बघ. मला सोबत होईल. पुढच्या वीकेंडला मूव्ह करा. मूळची कुठली गं तू?"

आलाच प्रश्न. मराठी माणूस सातासमुद्रापार आला तरी हा प्रश्न केबिन बॅगेत घालूनच येतो.

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

वस्तीचं नाव काकूंना ओळखीचं होतं. "आडनाव?"

"गजभिये."

काकूंचं हसू मावळलं. पुढचं अपर्णाला तोंडपाठ होतं. मागच्या महिन्यातल्या मालकीणबाईंना आडनाव ऐकताच पुतण्या आठवला होता. त्याआधीच्यांना एकदम फ्लोअरिंग बदलायचं होतं. पहिल्यांदा ती गाडीत बसून रडली होती. आता रडूही येत नव्हतं. रागवायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

"असं कर," काकू म्हणाल्या, "मी ह्यांना विचारून कळवते. ह्यांचा भाचा येणार आहे टेक्सासहून. त्याला लागेल बहुतेक."

"चल, इला."

"बट मम्मा, यू सेड..."

"चल म्हटलं ना!"

इला कपाटातून बाहेर आली, कोपर खाजवत. अपर्णाने तिचा हात धरला, दारापर्यंत गेली आणि थांबली. त्या लाल कोपराकडे बघून तिच्यात कुठून बळ आलं, तिलाही कळलं नाही.

"काकू, दोन मिनिटांपूर्वी पुढच्या वीकेंडला मूव्ह करा म्हणालात. तेव्हा भाचा कुठे होता? घर तुमचं आहे, नका देऊ. पण खरं कारण माझ्या तोंडावर सांगा. दर वेळी मीच ते मनात समजून घ्यायचं आणि वर थँक यू म्हणून निघायचं. यार, कंटाळा आलाय मला आता!"

काकूंनी बाहेर कॉरिडॉरमध्ये डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आता देवघर, सोवळं, सासूबाईंचे उपास असलं काहीतरी येणार, म्हणून अपर्णा मन घट्ट करून उभी राहिली.

काकू खाली बसल्या. त्यांनी इलाचा हात हातात घेतला, कोपराला न दुखवता बाही हळूच खाली ओढली.

"चिंचोलीकर हे आडनाव ह्यांनी इकडे येण्याआधी गॅझेट करून घेतलं," त्या इलाकडेच बघत म्हणाल्या. "त्याआधी आम्ही कांबळे. सव्वीस वर्षं झाली. या बिल्डिंगमध्ये, मंडळात, कुणालाच ठाऊक नाही. माझ्या मुलालासुद्धा नाही."

अपर्णाला एकदम आशा वाटली.

"मग काकू, मग तर तुम्ही..."

"म्हणूनच नाही म्हणतेय." काकूंनी डोळे पुसले. "तू रोज समोरच्या दारातून बाहेर पडशील. एखाद्या सकाळी माझ्या तोंडून जय भीम निघून जाईल गं."