गाण्याचा मान

टोपल्या डोक्यावर घेऊन बायका चर्चच्या दारात आल्या आणि रुपालीला गाण्याची दुसरी ओळ आठवेना.

पहिली तिने झकास उचलली होती. "तूच दिले ते तुझ्याच दारी..." पुढे? पुढे काहीच नाही. जळगाव जामोदच्या त्या छोट्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाची रीतच अशी, की एकीने ओळ उचलायची, मंडळीने ती झेलायची आणि गाणं चालू असेल तरच टोपल्यांनी वेदीकडे पाऊल टाकायचं. गाणं थांबलं की टोपल्या थांबल्या. ज्वारीची कणसं, कापूस, केळीचा घड, भरताची वांगी, एका टोपलीत तर पाय बांधलेली कोंबडी, सगळा हंगाम दारात अडकला. ढोलकीवाला भाऊराव बिचारा एकच ठेका घोटत राहिला.

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे रुपालीची सासू बसली होती, सिंधूताई.

लग्न होऊन या गावात आल्यापासून गाण्याचा मान सिंधूताईंचा. उन्हाळ्यात गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर ऐकू येणारी. मान सुनेकडे आला. सकाळी त्यांनीच तिच्या पदराला पिन लावून दिली होती आणि हसून दिली होती. पण खरं सांगायचं तर, पोर अडखळली तेव्हा सिंधूताईंना बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. अडलं ना माझ्यावाचून? बसा आता!

मग त्यांनी रुपालीचा चेहरा पाहिला. ती वेदीपाशी उभी होती, ओठ नुसते हलत होते, डोळे काठोकाठ भरले होते. सिंधूताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की बाकावर बसवेना.

ओळ त्यांना पाठ होती. पुढे जाऊन सुनेच्या कानात सांगितली की झालं. पण भरल्या चर्चमध्ये तसं केलं असतं तर मान पुन्हा सासूचाच झाला असता आणि पोर कायमची खाली बसली असती. हे त्यांना कळत होतं, तरी मोह सुटत नव्हता.

त्या उठल्या. पुढे गेल्याच नाहीत. सरळ दाराकडे वळल्या, जनकाबाईच्या डोक्यावरची कापसाची टोपली उतरवून पायरीवर ठेवली आणि तिचे दोन्ही हात पकडले.

"अवं सिंधू, काय करून राह्यली? गळा तुया!"

"फुगडी काय गळ्यानं खेळतेत?" सिंधूताई कुजबुजल्या आणि पाय जुळवून मागे झुकल्या.

भाऊरावाला आणखी काय पाहिजे होतं! ढोलकी कडाडली. साठीच्या दोन बायका चर्चच्या दारात गरगर फिरू लागल्या. "फूऽ! फूऽ!" फुगडीच्या त्या फुंकरीला आवाज लागत नाही, नुसता श्वास लागतो, आणि श्वास सिंधूताईंकडे भरपूर होता. पोरं बाकांवर चढली. बायकांनी टाळ्या धरल्या. पाळकसाहेब आधी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, मग तेही टाळ्या वाजवायला लागले. कोंबडी ओरडायला लागली. आता सिंधूताई खरोखर हसत होत्या. कधी हसू आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

रुपालीलाही हसू फुटलं. डोळे पुसता पुसता तिने तोंड उघडलं आणि दुसरी ओळ आपसूक बाहेर आली. "...घेऊन आलो भरुनि टोपली!" मंडळीने ती अशी झेलली की छपराचे पत्रे थरथरले. टोपल्या निघाल्या. जनकाबाई कापूस उचलून त्यांच्यामागे पळाली.

सिंधूताई धापा टाकत मागच्या बाकावर टेकल्या. सगळं गाणं संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

गाणं संपताच रुपाली धावत आली आणि त्यांच्या पायाशी बसली. "आई, मले ओळच आठवेना. तुमच्यासारखं नाही जमलं वं मले."

सिंधूताईंनी तिचं डोकं धरून कान स्वतःच्या तोंडाजवळ ओढला.

"इतके वर्सं मी गातच राह्यली," त्या म्हणाल्या. दम लागला म्हणून थांबल्या. "बसून ऐकलं आज. एवढं गोड गाणं हाय हे, मले मालूमच नव्हतं!"