चार जागा

“सायकल शिकताना कुठे पडलीस?” बाबांनी विचारलं.

“शाळेमागच्या उतारावर.”

“कुठला हात मोडला?”

“डावा.”

“पटकन सांगायचं. आठवून सांगतेयस असं वाटायला नको.”

मुलीने मान हलवली. यानतळावरच्या तपासणीत काहीही विचारतात, असं सगळेच म्हणत. पुढच्या गल्लीतल्या एका सासऱ्यांना सुनेचा वाढदिवस सांगता आला नाही, तर अख्खं घर माघारी आलं होतं. तेव्हापासून घरोघरी घोकंपट्टी चालू होती. जागा कुटुंबाला मिळायच्या, एकेकट्याला नाही. चौघांपैकी एक जरी गळला तरी चौघांचं जाणं रद्द. आणि पृथ्वीवरून सुटणारं हे शेवटचं यान होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून त्यांची निवड झाली होती. “तिकडेही माणसं जिने चढायला कंटाळणारच,” असं ते पूर्वी हसून सांगत. हल्ली सांगत नव्हते.

घर रिकामं झालं होतं. तरी आईने चहाचे कप घासून ओट्यावर पालथे घातले. मग ती मुलीजवळ आली, तिच्या निळ्या स्वेटरची वरची गुंडी लावली, आणि तिचा हात तिथेच राहिला.

“निघायला हवं,” बाबा म्हणाले.

आईने हात काढून घेतला.

बसमध्ये मुलीने खिडकीजवळची जागा धाकटीसाठी धरली. धाकटी आठ वर्षांची.

“ये ना इथे,” मुलगी म्हणाली.

धाकटीने ऐकलंच नाही. ती मागे जाऊन एकटी बसली.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “होईल हळूहळू सवय.”

बाहेर दुकानं बंद होती. काही दारांना किल्ल्या तशाच लटकत होत्या. बसमध्ये कोणी रडत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. सगळे दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे बसले होते.

तपासणीच्या टेबलाशी डॉक्टरीणबाईंनी मुलीचं कार्ड उचललं.

“हिला मागच्या महिन्यात ताप होता. बरी झाली?”

“झाली,” आई म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. असं काही सांगताना तिचा आवाज कधी हलत नसे.

“फोटोत चांगली गुबगुबीत दिसतेय.”

“आजारपणात पार वाळली.”

“हाताला काय झालं होतं?”

“डावा मोडला होता,” मुलगी म्हणाली. “शाळेमागच्या उतारावर सायकलवरून पडले.”

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि एकदम धाकटीकडे वळल्या. “आणि ही तुझी कोण गं?”

बाबांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. धाकटी खाली फरशीकडे बघत राहिली. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

“ताई,” धाकटी म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.

“घाबरलीय बिचारी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी चारही कार्डांवर शिक्के मारले.

यानात सगळ्यांनी पट्टे बांधले. दारं बंद झाली. मोठा हादरा बसला, कानांत दडे बसले, छाती दगड ठेवल्यासारखी जड झाली. मग हळूहळू सगळं हलकं झालं. खिडकीत आता फक्त काळोख होता. बाबा डोळे मिटून पडले होते. रडून थकलेली धाकटी झोपेत मुलीच्या खांद्यावर कलंडली. ती जागी होऊ नये म्हणून मुलगी श्वाससुद्धा जपून घेत होती.

आईने पट्टा सैल केला. मुलीच्या चेहऱ्याकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“आता कोणी आपल्याला परत पाठवू शकत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “इतके दिवस मुद्दामच विचारलं नाही. तुझं खरं नाव काय गं?”