सोफीचा मुलगा घरी आला

आदिवासी वस्तीवर नेमलेल्या सरकारी एजंटाच्या घोडागाडीतून पोरगा उतरला आणि हॅरिएटला रडूच कोसळलं. सहा वर्षांचा असताना सरकारी माणसांनी तिच्या बहिणीच्या, सोफीच्या कुशीतून ओढून त्याला शाळेत नेलं होतं. आता बारा वर्षांचा होऊन आला होता, वेण्या कापलेला.

"नाव सांग तुझं," एजंट म्हणाला.

"चौदा."

"ते शाळेत. चौदा नंबर म्हणजे वॉल्टर." एजंट हसला. "घ्या तुमचा मुलगा. माणसांत आणलाय त्याला, पुन्हा रानटी करू नका."

"जळ्ळं मेल्याचं तोंड!" हॅरिएट आपल्या क्री बोलीत पुटपुटली. एजंटाला ते कळलं नाही. पोरालाही कळलं नाही, तेव्हा मात्र तिच्या काळजात चर्र झालं. घरची बोली तोंडातून निघाली की त्या शाळेत पट्टे बसतात, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आता आई आणि मुलामध्ये दुभाषी मावशी! दुकानदाराकडे धुणी धुताना शिकलेलं इंग्रजी या कामी यावं, याची तिला चीड आली.

सोफीने मुलाला चुलीशी बसवलं. तोंडावरून हात फिरवला, कानामागचे केस सारून जन्मखुणेची जागा पाहिली आणि मुकाट्याने मासळीचा रस्सा वाढला.

"अगं, बोल की काहीतरी! इतकी वर्षं वाटेकडे डोळे लावून बसलीस, आता दातखीळ बसली?"

"जेवू दे आधी. नुसती हाडं उरलीत."

पोराच्या घशात काटा अडकला. हॅरिएटने पाठ थोपटली. "मासळी खायचंही विसरला! आग लागो त्यांच्या सुधारणेला."

सोफी काटे काढून घास त्याच्यापुढे ठेवू लागली. तो हावऱ्यासारखा खात सुटला. मग एकदम थांबून त्याने हळूच काहीतरी विचारलं.

"परत पाठवाल का, म्हणतोय," हॅरिएट म्हणाली. "खुळंच आहे लेकरू."

"सांग त्याला, हे घर त्याचं आहे. न्यायला कुणी आलंच, तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं."

हॅरिएटने सांगितलं. पोरगा ताटलीवर वाकून हमसून हमसून रडला. सोफीने त्याला घोंगडीत गुंडाळून जवळ घेतलं आणि रडणं ओसरेपर्यंत पाठीवर हात ठेवला.

"आता विचार त्याला," ती म्हणाली, "माझ्या पोराला मातीत ठेवलं, तेव्हा हा तिथे होता का?"